आधी नळाची वेळ, मग दंड : गिरणाकाठच्या एका शहराचा २०१९चा उन्हाळा

२०१९च्या फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेने पाण्याच्या नासाडीविरुद्ध ठराव केला. नळाला तोटी नसेल तर ५०० रुपये दंड. नळाला थेट मोटार लावली तर मोटार जप्त. सडा, गाडी धुणं आणि बांधकाम यांसाठी पालिकेचं पाणी बंद. ठरावाची प्रत चौकाचौकांत लागली, दोन पथकं नेमली गेली, जप्त केलेल्या मोटारींसोबत पदाधिकाऱ्यांचे फोटोही छापून आले. महिनाभराने पाहिलं तर पाण्याच्या दिवशी गटारी पूर्वीसारख्याच भरून वाहत होत्या. मे महिन्यात पाणी आणखी कमी झालं होतं, आणि त्याच गटारी बऱ्याचशा कोरड्या होत्या. मधल्या काळात दंड वाढला नव्हता, पथकंही तेवढीच होती.

हा फरक कशाने पडला, ते इथे मांडतो. त्या उन्हाळ्यात पाणीपुरवठा विभागाच्या मदतीला आम्ही काही जण होतो. शहराचं नाव देत नाही. तिथले लोक ओळखतीलच, आणि बाकीच्यांना नावाची गरज नाही, कारण खानदेशातल्या कितीतरी पालिकांची हकीकत याहून फार वेगळी नाही.

आधी पाणी कुठून येतं ते सांगायला हवं. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. १९६९ साली पूर्ण झालं. त्याच्या जिवावर मालेगावपासून चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोलपर्यंतची गावं पाणी पितात. नदीकाठच्या गावांसाठी धरणातून ठरावीक काळाने पिण्याचं पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. ते नदीच्या पात्रातूनच खाली येतं. वाटेत वाळू पाणी पिते, ऊन पितं, आणि काठावरच्या शेतीच्या मोटारीही पितात. म्हणून आवर्तनाच्या दिवसांत काठाची वीज बंद ठेवायची, महसूल, पाटबंधारे आणि पोलिसांनी मिळून गस्त घालायची, असा रिवाज आहे. पात्रातली वाळू उपसली गेल्यामुळे आता नदी पूर्वीसारखं पाणी धरूनही ठेवत नाही. आवर्तन पुढे सरकलं की पालिकेच्या जॅकवेलला, म्हणजे पाणी उपसायच्या नदीकाठच्या विहिरीला, थोडेच दिवस पाणी पुरतं, मग पुढच्या आवर्तनाची वाट. (नदीवर बलून बंधारे, म्हणजे हवा भरून फुगवायचे रबरी बंधारे, होणार हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. निवडणूक आली की ते फुगतात.)

२०१८चा पाऊस दगा देऊन गेला. ३१ ऑक्टोबर २०१८ला सरकारने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांची नावं होती. दोन आवर्तनांमधलं अंतर वाढलं तसं शहरात चार दिवसांआड येणारं पाणी आठवड्यावर गेलं. २०१६ला मिरजहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे लोक विसरले नव्हते, त्यामुळे घबराटही होती. ठराव आला तो या पार्श्वभूमीवर. पण तो लिहिताना जी शहरं डोळ्यासमोर होती, तिथे नळ चोवीस तास चालतो आणि मीटरवर आकडा पडतो. तिथे माणूस किती वापरतो हे मोजता येतं, जास्त वापरलं तर बिल वाढवता येतं. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनने फेब्रुवारी २०१८पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली, तेव्हा जगभर चर्चा झाली. आमच्या कित्येक गल्ल्यांमध्ये ५० लिटर हे सुगीच्या दिवसांतलं माप असतं. मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची ठोक. बादलीभर वाचवलं काय आणि ओतलं काय, पावतीवर तोच आकडा.

हिशेब मांडून बघा. भुयारी गटार नसलेल्या, पण नळयोजना असलेल्या गावासाठी सरकारी मानक माणशी रोज ७० लिटर आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला ३५० लिटर लागले. पाणी आठ दिवसांनी येणार असेल तर एका वेळी २,८०० लिटर साठवायला हवं, म्हणजे दोनशे लिटरचे चौदा ड्रम. दोन खोल्यांच्या घरात चौदा ड्रम ठेवायचे कुठे, आणि माणसांनी झोपायचं कुठे? त्या घरात दोन ड्रम, एक कोठी, हंडे-कळश्या, एवढंच असतं. ते भरले की नळातून येणारं पाणी त्या घराच्या उपयोगाचं राहत नाही. कॉलनीतल्या बंगल्याखाली पाच हजार लिटरची टाकी असते. ती भरेपर्यंत नळ चालतो, आणि भरल्यावर कुणी खाली उतरून बंद केला नाही तर पुढेही चालतो. दोन्ही ठिकाणी ओसंडणारं पाणी गटारीतच जातं, पण कारणं वेगळी. दंडाची पावती दोघांना सारखीच.

मार्चमध्ये आम्ही व्हॉल्व्हमनसोबत, म्हणजे भागाभागाचं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांसोबत, गल्लोगल्ली फिरलो. ठरावात नसलेलं बरंच काही दिसलं. पाणी कधी सुटणार हे कुणालाच माहीत नसायचं. कधी दुपारी दोनला, कधी रात्री अडीचला. जॅकवेलवर वीज कधी आहे, जलकुंभ कधी भरतो, व्हॉल्व्हमन कुठल्या टोकाला आहे, यावर सगळं ठरायचं. गल्लीत शिरलं की पहिला प्रश्न एकच : “नळ उना का, भाऊ?” (नळ आला का?) मजुरीला जाणाऱ्या बायांचे रोज बुडायचे. जी थांबू शकत नसे ती नळाला पाइप लावून तो ड्रममध्ये सोडून कामाला जायची. नळ उघडा, घर बंद. पाणी आलं तर ड्रम भरेल, आणि भरल्यावर वाहत राहील. ती करणार तरी काय?

तोटी का नाही, याचंही उत्तर इथेच सापडलं. नळ उघडा ठेवला की पाणी येण्याआधी हवा फुसफुसते, त्या आवाजाने घर जागं होतं. तोटी बंद असेल तर पाणी आलं तरी कळणार कसं? शिवाय दाब कमी, म्हणून लोकांनी नळ जमिनीच्या खाली, हातभर खड्ड्यात नेलेले. तिथे तोटी बसवायला जागाच उरत नाही, नुसत्या पाइपला रबरी नळी जोडलेली. पथकाने त्यांना दंड केला की ते भरायचे, किंवा नगरसेवकाला फोन लावायचे. तोटी काही बसायची नाही.

शिळ्या पाण्याची तर निराळीच भानगड. नवीन पाणी आलं की साठवलेलं ओतून द्यायचं आणि भांडी घासून ताजं भरायचं, ही सवय घरोघर आहे. पाणी कधी येईल ते माहीत नसल्यामुळे घरातली बाई शेवटच्या दिवसापर्यंत जपून वापरायची. कपड्यांचा ढीग तसाच, एक ड्रम राखीव. मग अचानक नळ यायचा आणि तो जपून ठेवलेला ड्रम मोरीत रिकामा व्हायचा. म्हणजे आठवडाभर केलेली बचत पाच मिनिटांत गटारीत. काटकसर आणि नासाडी एकाच हाताने होत होती. हे पाहिल्यावर लोकांना “पाण्याचं महत्त्व” सांगणारे फलक लावायची माझी तरी इच्छा उरली नाही. आठ दिवस दोन ड्रमवर काढणाऱ्या बाईला पाण्याचं महत्त्व आपण काय शिकवणार?

एप्रिलच्या सुरुवातीला मुख्याधिकाऱ्यांसमोर हे सगळं मांडलं गेलं. सुचवलेली गोष्ट साधी होती. पाणी वाढवता येत नसेल तर निदान त्याची वेळ पक्की करा, आणि पक्की केलेली पाळा. खानदेशाला ही कल्पना नवी नाही. गिरणेला मिळणाऱ्या मोसम आणि आरम, आणि तिकडे धुळ्याची पांझरा, या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालचं शिवार फडांमध्ये वाटलेलं, एका फडात एकच पीक, पाटकरी पाणी फिरवणार. पाणी कमी असलं की यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा हे गाव आधीच ठरवायचं. टंचाई सगळ्यांची, आणि पाळी ज्याची त्याला ठाऊक. शेजाऱ्याचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, चोरायची गरजच कमी पडते, कारण आपलं कधी येणार ते माहीत असतं. हे पाट-बंधाऱ्यावर जमलं, तर जलकुंभावर का जमू नये?

जमवणं मात्र सोपं नव्हतं. शहराचे भाग, कुठल्या व्हॉल्व्हने कुठली गल्ली चालते, हा सगळा नकाशा व्हॉल्व्हमनच्या डोक्यात. त्यांतले सर्वांत जुने, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते सुरुवातीला कागदावर काही उतरवू देईनात. कागद झाला की आपली किंमत गेली, ही त्यांची भीती खोटी नव्हती. दुसरी अडचण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं : काही गल्ल्यांचा व्हॉल्व्ह नेहमी थोडा जास्त वेळ उघडा राहायचा, आणि त्या कोणाच्या गल्ल्या हे सगळ्यांना माहीत होतं. वेळापत्रक छापलं की ते उघडं पडणार होतं. मला वाटतं, वेळापत्रकाला सभागृहात जो विरोध झाला, “तांत्रिकदृष्ट्या अशक्य” वगैरे, त्याचं खरं मूळ इथे होतं. त्या वेळी लोकसभेची आचारसंहिता चालू होती, २३ एप्रिलला जळगावचं मतदान होतं. नवीन घोषणा कुणालाच करता येत नव्हत्या. त्यामुळे हे काम प्रशासनाच्या पातळीवर गुपचूप पार पडलं. आचारसंहितेचे आभार मानायची वेळ क्वचितच येते, ती तेव्हा आली.

वेळापत्रकातही एक हिशेब होता. दीडशे मिलिमीटरच्या वाहिनीत मीटरमागे साडेसतरा लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. म्हणजे किलोमीटरभर वाहिनी नुसती भरायलाच जवळपास साडेसतरा हजार लिटर जातात, आणि सुरुवातीचं पाणी गढूळ येतं ते लोक सोडून देतात. चार दिवसांनी अर्धा तास द्यायचं की आठ दिवसांनी तासभर? पहिल्यात वाहिनी दुप्पट वेळा भरावी लागते, दुसऱ्यात लोकांची भांडी पुरत नाहीत. शेवटी कॉलन्यांना आठ दिवसांनी आणि दाट वस्तीच्या गल्ल्यांना पाच दिवसांनी कमी वेळ, असं ठरलं. टाक्यावाल्यांनी कुरकुर केली, पण हिशेब समोर ठेवल्यावर ती फार टिकली नाही. रात्री दहा ते पहाटे पाच व्हॉल्व्ह उघडायचाच नाही, हा नियम सर्वांत महत्त्वाचा ठरला. झोपेत वाहणारं पाणी त्याने थांबलं. आदल्या संध्याकाळी घंटागाडी त्या भागातून फिरून सांगायची : उद्या सकाळी सहाला तुमच्याकडे पाणी.

दुसऱ्याच आठवड्यात वीज गेली, जलकुंभ भरला नाही, आणि जाहीर केलेली वेळ पाळता येईना. इथे सगळं कोसळलं असतं. पण रात्री नऊला घंटागाडी पुन्हा काढली, मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरूनही सांगितलं : उद्याचं पाणी परवा येईल. चुकलेल्या वेळेची खबर वेळेवर मिळाली, याचा लोकांवर झालेला परिणाम मला वेळापत्रकापेक्षाही मोठा वाटतो. त्याआधी पालिका पाणी देत होती. सांगत मात्र काहीच नव्हती.

मग शिळ्या पाण्याचा प्रश्न जवळजवळ आपोआप हलला. उद्या पाणी आहे हे कळलं की आदल्या दिवशी कपडे निघायचे, फरशी पुसली जायची, उरलेलं कूलरमध्ये. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास असतो तिथे कूलर बंद करा म्हणणाऱ्याला कुणी उभं केलं नसतं. पण कूलर शिळ्या पाण्यावर चालतो, एवढं सांगणं पुरलं. गढूळ पाणी बादलीत धरून संडासाला वापरा, हेही लोकांनी ऐकलं.

तोटीचं काम यानंतर हातात घेतलं, आणि हा क्रम महत्त्वाचा होता. वेळ माहीत असली की आवाजासाठी नळ उघडा ठेवावा लागत नाही. पालिकेने प्लास्टिकच्या तोट्या खरेदीच्या भावात दिल्या, प्लंबर सोबत पाठवला, खड्ड्यातले नळ शक्य तिथे वर घेतले. त्यानंतरही तोटी काढून टाकली तरच दंड. फेब्रुवारीत ज्या गल्लीने पथकाला शिव्या घातल्या, तिथल्या बायाच आता शेजारच्या वाहत्या नळाची तक्रार करू लागल्या. त्यांचंही गणित स्पष्ट होतं : वर पाणी वाहिलं तर आपल्या टोकापर्यंत पोचत नाही.

मोटारींचा विषय मात्र असा गोडीने सुटला नाही. नळाला जोडलेली छोटी टिल्लू मोटार वाहिनीतून पाणी ओढते तेव्हा शेवटच्या टोकाची घरं कोरडी राहतात. शिवाय वाहिनी कुठे फुटलेली असेल तर गटारीचं पाणीही आत खेचलं जातं. जप्ती हा खेळ होता. पथक गल्लीच्या तोंडाशी आलं की मोटार पलंगाखाली. पाण्याच्या तासात त्या भागाची वीज बंद ठेवायची, हा उपाय खेड्यांमध्ये चालतोच. इथेही तो सकाळी सहा ते सातच्या वेळेत केला. ऊन चढायच्या आत असल्याने लोकांनी सहन केला. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांचं काय? त्यांना खालच्या ड्रममधून किंवा टाकीतून मोटारीने वर चढवायची मुभा होती, थेट वाहिनीतून नाही. इन्व्हर्टरवर मोटार चालवणारेही निघालेच. त्यांची नळजोडणी तोडली. त्यात एक वजनदार घर होतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. ती जोडणी तोडली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या वर्षी ७ मेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती आणि त्याच दिवशी पहिला रोजा. आखाजीला लेकी माहेरी येतात, घरोघर पाहुणे, पितरांसाठी घागर भरायची, झोक्यांवर गाणी. रोजाच्या घरांमध्ये पहाटे सहेरी आणि संध्याकाळी इफ्तार. एकाच आठवड्यात दोघांची गरज वाढणार होती आणि पाणी तेवढंच होतं. आम्ही मोहल्ल्यातल्या आणि पेठेतल्या जाणत्यांना एकत्र बसवलं. पेठेने आपली पाळी एक दिवस अलीकडे मागितली, म्हणजे आखाजीच्या आदल्या दिवशी. मोहल्ल्याने पाण्याची वेळ दुपारी चारची मागितली, म्हणजे इफ्तारच्या तयारीआधी भरून होईल. कुणालाही जास्त पाणी मिळालं नाही, दोघांनाही सोयीची वेळ मिळाली. आधीच्या उन्हाळ्यांत याच काळात टँकरवर हाणामाऱ्या झालेल्या आहेत, म्हणून ही बैठक मला साधी वाटत नाही.

एका बाबतीत पालिकेचे दोन विभागच समोरासमोर आले. आरोग्य विभाग घरोघर सांगत होता, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील. पाणीपुरवठा विभाग सांगत होता, थेंब ओतू नका. दोघेही बरोबर. डासाची अंड्यापासून डास होईपर्यंतची वाटचाल आठवडा-दहा दिवसांत होते, आणि आमची पाळी पाच ते आठ दिवसांची. तोडगा असा निघाला की कोरडा दिवस पाण्याच्या आदल्या दिवशी पाळायचा. पाणी त्या दिवशी वापरून संपलेलंच असतं, भांडं घासून पालथं घालायचं. मोठ्या टाक्यांना फडकं बांधायचं, बांधता येत नसेल तिथे गप्पी मासे किंवा अळीनाशक. हे दोन्ही पत्रकांवर एकत्र छापायला महिना लागला, कारण सही कोणत्या विभागाची हे ठरेना.

गाडी धुण्याच्या सेंटरवाल्यांनी “आमचं बोअरचं पाणी आहे” म्हणून बंदी धुडकावली. त्यावर पालिका फार काही करू शकली नाही. बांधकामं बरीचशी थांबली, ती बंदीपेक्षा टँकरच्या भावामुळे. नदीपासून येणाऱ्या वाहिनीवरचे एअर व्हॉल्व्ह वाटेतले गुराखी आणि वस्त्या फोडायच्या. तिथे पहारा ठेवण्याऐवजी दोन ठिकाणी रीतसर नळ आणि गुरांना पाणी प्यायला हाळ, म्हणजे हौद, करून दिला, गळती कमी झाली. शुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुतलेलं पाणी नाल्यात सोडलं जातं. ते पुन्हा वापरायचा प्रस्ताव फाइलमध्येच राहिला. लोकांच्या नळावर दंड लावणाऱ्या पालिकेने स्वतःच्या केंद्रातलं पाणी आधी अडवायला हवं होतं, असं माझं मत तेव्हाही होतं.

किती पाणी वाचलं याचा आकडा देता येणार नाही. जिथे मीटर नाही तिथे तो कुणी दिला तर शंका घ्यावी. दिसलं ते एवढं : पूर्वी जलकुंभ रिकामा व्हायचा तेव्हा शेवटची टोकं कोरडी असायची. मेमध्ये तेवढ्याच भरलेल्या जलकुंभातून तिथपर्यंत पाणी पोचत होतं, आणि टोकाकडच्या भागांतून टँकरची मागणी घटली होती.

२०१९च्या पावसाळ्यात गिरणा धरण बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरलं. पाणी दोन दिवसांआड आलं, घंटागाडीची घोषणा आधी अनियमित झाली, मग बंद. खड्ड्यातले काही नळ परत खाली गेले. २०२३ला सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात चाळीसगाव होतं, तेव्हा शेजारच्या आमच्या पालिकेत जुनं वेळापत्रक शोधण्यासाठी धावपळ झाली. ते आप्पांकडे सापडलं. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती वही घरी जपून ठेवली होती, आणि व्हॉल्व्हच्या जागांच्या खुणा मध्ये त्यांनी स्वतःच सुधारल्या होत्या. मीटरचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेसमोर आहे. साताऱ्याच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तिथे शिष्टमंडळ पाठवायचं की नाही यावर मागच्या सभेत चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेवर ठेवला गेला.